शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची विडी-सिगारेट सोडवताना: डॉक्टरांसाठी मार्गदर्शन

ऑपरेशनची तारीख केसपेपरवर लिहिली जाते तेव्हापासून रुग्ण ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात पोहोचेपर्यंत मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांत पुष्कळदा काही आठवडे जातात. हर्निया, पित्ताशयातील खडे, गुडघ्याचे सांधारोपण यांसारख्या ठरवून करायच्या शस्त्रक्रियांमध्ये हा काळ रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी आणि खाट रिकामी होण्याची वाट पाहणे यांत संपून जातो. विडी-सिगारेट सोडवण्यासाठी जेवढा अवधी लागतो, जवळपास तेवढाच हा अवधी असतो, आणि तो आपण रिकामा जाऊ देतो. रुग्णाला तंबाखूबद्दल गांभीर्याने विचारले जाते ते बहुधा भुलेच्या फिटनेसच्या वेळी (रुग्ण भूल देण्यायोग्य आहे का हे तपासताना), म्हणजे हाताशी फार तर दोन-चार दिवस उरलेले असताना. म्हणून या लेखातील पद्धत सर्जनच्या ओपीडीपासून सुरू होते. भूलतज्ज्ञाचे काम त्यात महत्त्वाचे असले तरी ते दुसरे आहे.

सुरुवात तारखेच्या दिवशीच करावी

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, शस्त्रक्रियेच्या सुमारे चार आठवडे किंवा त्याहून आधी धूम्रपान थांबवणाऱ्यांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण कमी राहते आणि चार आठवड्यांपुढच्या प्रत्येक आठवड्यागणिक परिणाम १९ टक्क्यांनी सुधारतात. त्याआधी, २००२ मध्ये, डेन्मार्कमधील एक चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली होती. खुब्याच्या व गुडघ्याच्या सांधारोपणासाठी आलेल्या १२० धूम्रपान करणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या सहा ते आठ आठवडे आधीपासून समुपदेशन आणि निकोटिनची पर्यायी औषधे देण्यात आली, तर उरलेल्यांना नेहमीची सेवा मिळाली. पहिल्या गटात १८ टक्के रुग्णांना कोणती ना कोणती गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५२ टक्के रुग्णांना. जखमेच्या तक्रारी पहिल्या गटात ५ टक्के आणि दुसऱ्यात ३१ टक्के होत्या. चाचणी लहान होती हे खरे, पण ज्या सर्जनला टाक्यांतून येणारा पू पाहून झोप लागत नाही, त्याने हे आकडे एकदा नीट वाचावेत.

यामागची कारणे रुग्णाला सांगता येतील इतकी साधी आहेत. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटवतो. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडांना रक्त कमी पोहोचते. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावल्याने कफ वर सरकत नाही. आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे काम, तसेच जखम भरताना होणारी कोलॅजन या प्रथिनाची निर्मिती, दोन्ही रोडावतात. यांपैकी कार्बन मोनॉक्साइड सर्वांत लवकर निघून जातो, कारण साध्या हवेत त्याचे रक्तातील प्रमाण चार ते सहा तासांत निम्म्यावर येते आणि चोवीस तासांत बहुतेक उतरते. श्वासनलिका आणि जखम यांना मात्र आठवडे लागतात.

म्हणून तारीख परवाची असली तरी ‘आता काय उपयोग’ असे म्हणू नये. एका दिवसाच्या संयमानेही हृदयाला मिळणारा ऑक्सिजन सुधारतो. ऑपरेशनच्या अगदी तोंडावर विडी सोडली तर कफ वाढून छाती भरते, ही समजूत अजूनही अनेक वॉर्डांत ऐकू येते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये बायपासच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांचा जो अर्थ लावला गेला, त्यातून ती रुजली. २०११ मध्ये नऊ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले आणि त्यात शस्त्रक्रियेपूर्वी थोडेच दिवस आधी सोडणाऱ्यांना जास्त धोका असल्याचे आढळले नाही. काही जणांना सोडल्यानंतर खोकला आणि कफ काही दिवस वाढल्यासारखा वाटतो हे खरे, आणि रुग्णाला तेवढे आधी सांगून ठेवावे. पण त्या भीतीपोटी ‘ऑपरेशन होईपर्यंत चालू राहू दे’ असा सल्ला कोणीही देऊ नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, अडकलेला हर्निया, पायाचा सडत चाललेला भाग अशा बाबतींत तंबाखू सुटण्याची वाट पाहत तारीख पुढे ढकलणे चुकीचे आहे. तिथे औषध, समुपदेशन आणि ऑपरेशन ही तिन्ही कामे एकाच वेळी चालवावी लागतात. गुडघ्याचे सांधारोपण किंवा पोटावरील मोठ्या हर्नियाची जाळी बसवणे यांसाठी मात्र चार-सहा आठवडे थांबणे बहुधा परवडते. तसा निर्णय घ्यायचा झाल्यास तो रुग्णाला शिक्षा वाटणार नाही अशा शब्दांत सांगावा आणि नवी तारीख त्याच बैठकीत लिहून द्यावी, नाहीतर तो रुग्ण परत येत नाही.

विचारण्याची रीत

‘धूम्रपान करता का?’ हा प्रश्न मुंबईत पुरत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले, पण त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या बाकड्यावर बसलेल्या बहुसंख्य तंबाखूग्रस्तांना तो प्रश्न लागूच होत नाही, आणि ते मोकळ्या मनाने ‘नाही’ म्हणतात.

घरकाम करणाऱ्या एखाद्या मावशींना ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर त्या दुखावतात. ‘मावशी, दात कशाने घासता?’ असे विचारले की मशेरी आपोआप समोर येते, आणि ती दिवसातून एकदा नव्हे, तर चार-पाच वेळा लावली जाते हेही त्यातूनच कळते. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांना खैनीबद्दल, तरुणांना मावा व गुटख्याबद्दल आणि वयस्करांना तपकिरीबद्दल नाव घेऊन विचारावे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे रुग्ण त्याचे नाव घ्यायला कचरतो. केसपेपर पोलिसांकडे जात नाही एवढे एक वाक्य आधी बोलावे.

प्रमाण विचारताना संख्या विचारण्यापेक्षा खरेदी विचारणे अधिक उपयोगी पडते. ओपीडीतील नेहमीचे संभाषण साधारण असे चालते:

‘काका, तंबाखू?’
‘नाही डॉक्टर, आपल्याला तो नाद नाही.’
‘विडी?’
‘विडी तेवढी आहे. एखाद-दुसरी.’
‘बंडल किती दिवस जातं?’
‘दीड दिवस. पावसाळ्यात जरा लवकर संपतं.’

बंडलात साधारण वीस ते पंचवीस विड्या असतात, तेव्हा ही एखाद-दुसरी नव्हे, दिवसाला चौदा-पंधरा विड्या झाल्या. यानंतर विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने लागते. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबित्व जास्त आहे असे धरावे, आणि पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर केवळ उपदेशाने काही होणार नाही हे ओळखून औषधाची तयारी ठेवावी.

मुलगा वडिलांसमोर किंवा सून सासूसमोर खरे सांगत नाही, हे आपल्या घरांतले वळण आहे. त्यामुळे नातेवाइकाला काही मिनिटे रिपोर्ट आणायला पाठवून मग विचारावे. मिळालेले उत्तर ‘सवयी: तंबाखू +’ असे तुटक न लिहिता प्रकार, प्रमाण, पहिल्या वापराची वेळ आणि सोडण्याची तयारी अशा चार गोष्टींसह केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहावे, म्हणजे पुढचा निवासी डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरुवात करणार नाही.

गुटखा, मावा किंवा सुपारी खाणाऱ्याचे तोंड त्याच वेळी उघडायला लावून पाहावे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा घट्ट होऊन तोंड पुरेसे उघडत नाही अशी अवस्था येते, आणि ती भूल देताना नळी घालण्याच्या क्षणी कळण्यापेक्षा सहा आठवडे आधी कळलेली बरी. गालात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर हर्नियाची घाई बाजूला ठेवून आधी तो दाखवून घ्यावा.

सल्ला एका मिनिटाचा, पण त्या रुग्णापुरता

गर्दीच्या ओपीडीत सर्जनकडून अर्ध्या तासाच्या समुपदेशनाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. त्याच्याकडून एकच मिनिट हवे, मात्र ते त्याच्याच तोंडून हवे, कारण चाकू ज्याच्या हातात असणार आहे त्याच्या शब्दाला रुग्णाच्या लेखी जे वजन असते ते पत्रकाला नसते. ‘तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे’ हे रुग्णाने पाकिटावर, सिनेमागृहात आणि लोकलच्या फलाटावर इतक्या वेळा वाचलेले असते की ते त्याच्या कानांवर पडत नाही. त्याला त्याच्या ऑपरेशनबद्दल सांगावे. हाड बसवायचे असेल तर ‘विडी चालू राहिली तर हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागते’. हर्निया असेल तर ‘ऑपरेशननंतर खोकल्याची उबळ आली की टाक्यांवर ताण येतो आणि हर्निया परत होऊ शकतो’. आतडे जोडायचे असेल तर जोड सुटण्याचा धोका. चेहऱ्यावर किंवा स्तनावर त्वचेचा तुकडा बसवायचा असेल तर तो काळा पडण्याचा धोका. वाक्य संपताना सोडण्याचा दिवस ठरवावा, आणि तो शक्यतो त्याच आठवड्यातला असावा. ‘कमी करा’ असे म्हणू नये. कमी केलेला माणूस उरलेली विडी जास्त खोल ओढतो आणि धूर जवळजवळ तेवढाच घेतो.

रागावणे टाळावे. ‘अजून ओढताय? मग ऑपरेशन कशाला करता?’ असे म्हणणारे ज्येष्ठ सर्जन आपल्या सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या रुग्णांपैकी कोणी विडी सोडत नाही, फक्त पुढच्या वेळी खोटे बोलतो.

यापुढची पाच-सात मिनिटे निवासी डॉक्टर, सिस्टर किंवा वैद्यकीय समाजसेवक यांनी द्यावीत. तेवढीही सोय नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक रुग्णाच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये तिथेच साठवून द्यावा आणि शक्य झाल्यास पहिला फोन तिथूनच लावून द्यावा. हा क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जातो आणि परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय या हेल्पलाइनच्या केंद्रांपैकी एक आहे. क्रमांक चिठ्ठीवर लिहून देणे आणि फोन लावून देणे यांत मोठा फरक पडतो, कारण चिठ्ठी औषधांच्या पिशवीत जाते आणि तिथेच राहते.

औषधे

निकोटिनचे गम हे आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारे औषध आहे, आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने वापरले जाणारेही. ते नुसते लिहून दिले तर रुग्ण च्युइंगमसारखे भराभर चघळतो, लाळ गिळतो, त्याला उचकी लागते, पोटात जळजळते, आणि दुसऱ्या दिवशी तो सांगतो की ‘ते औषध मला मानवत नाही’. म्हणून पहिले गम डॉक्टरांसमोर खायला लावावे. हळूहळू, साधारण दहा-पंधरा वेळा, तिखट चव किंवा झिणझिण्या येईपर्यंत चावायचे. मग चावणे थांबवून ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे. चव गेली की पुन्हा थोडे चावून दुसऱ्या गालात ठेवायचे. असे अर्धा तास करून टाकून द्यायचे. तंबाखूचा बार गालात धरणाऱ्या माणसाला ही क्रिया चटकन समजते, विडी ओढणाऱ्याला ती करून दाखवावी लागते. गम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी, लिंबू सरबत किंवा शीतपेय घेऊ नये, कारण आम्लतेमुळे निकोटिन तोंडातून शोषले जात नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागणाऱ्यास ४ मिलिग्रॅमचे, इतरांस २ मिलिग्रॅमचे गम द्यावे, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तलफ येण्याची वाट न पाहता दर एक-दोन तासांनी ते घ्यायला सांगावे. चोवीस तासांत चोवीसपेक्षा जास्त गम घेऊ नयेत.

कवळी असलेल्यांना आणि तोंड पुरते न उघडणाऱ्यांना गम जमत नाही. त्यांच्यासाठी निकोटिनची गोळी किंवा पट्टी निवडावी. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्यास २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने सुरुवात करून सहा आठवड्यांनंतर १४ आणि मग ७ मिलिग्रॅमवर आणतात. मुंबईच्या घामात पट्टी सुटते, म्हणून ती आंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी करून, केस नसलेल्या जागी लावावी आणि रोज जागा बदलावी. विचित्र स्वप्ने पडून झोप मोडत असेल तर रात्री काढून ठेवली तरी चालते. काही पट्ट्यांत धातूचा पातळ थर असतो, त्यामुळे एमआरआयपूर्वी ती काढायची असते, हे रुग्णाच्या कागदावर लिहून ठेवावे. अवलंबित्व जास्त असल्यास पट्टी आणि गम दोन्ही एकत्र देणे हे एकेकट्यापेक्षा परिणामकारक ठरते.

निकोटिननेच रक्तवाहिन्या आकसतात, तर मग ते शस्त्रक्रियेपूर्वी द्यायचे कसे, अशी शंका सर्जन घेतात आणि ती रास्त आहे. आजवरच्या अभ्यासांत निकोटिनच्या पर्यायी औषधांमुळे जखमेच्या तक्रारी वाढल्याचे दिसलेले नाही, आणि विडीतून निकोटिनबरोबर कार्बन मोनॉक्साइड व इतर शेकडो द्रव्येही जातात हे लक्षात घेता पट्टी ही विडीपेक्षा केव्हाही बरी. सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडून बसवलेल्या त्वचेच्या तुकड्याबाबत मात्र प्लास्टिक सर्जनशी आधी बोलून घ्यावे, कारण तिथे अनेक जण निकोटिनही नको म्हणतात.

बुप्रोपिऑन हे तलफ कमी करणारे औषध तंबाखू सोडण्याच्या दिवसाच्या एक-दोन आठवडे आधी सुरू करावे लागते. फिट्सचा इतिहास असलेल्यास ते देऊ नये. आपल्याकडे ऑपरेशननंतर वेदनेसाठी ट्रॅमाडॉल सर्रास लिहिले जाते आणि ही दोन औषधे एकत्र आल्यास फिट येण्याचा धोका वाढतो, शिवाय ट्रॅमाडॉलचा वेदनाशामक परिणामही घटतो. म्हणून बुप्रोपिऑन चालू असल्याची नोंद लाल शाईने करावी. व्हरेनिक्लिन हे तलफ कमी करणारे दुसरे औषध अर्ध्या मिलिग्रॅमपासून वाढवत आठवड्याभरात दिवसातून दोनदा १ मिलिग्रॅमवर नेतात आणि बारा आठवडे देतात. मळमळ होते म्हणून ते जेवणानंतर घ्यावे, आणि मूत्रपिंडाचे काम फार कमी असल्यास मात्रा घटवावी. त्याच्यामुळे मनोविकार बळावतात ही भीती २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीनंतर बरीच ओसरली आहे. ई-सिगारेटचा पर्याय कोणी विचारल्यास उत्तर सोपे आहे: २०१९ च्या कायद्याने भारतात तिच्या विक्रीवर बंदी आहे.

एक बाब बहुतेकांच्या नजरेतून सुटते. धुरातील काही द्रव्यांमुळे यकृतातील औषधांचे विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) जास्त काम करू लागते, आणि विडी सुटली की काही दिवसांत ते पूर्ववत होते. परिणामी थिओफिलिन आणि मनोविकारांवरील क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण तीच मात्रा चालू असताना वाढते. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या रुग्णाला विडी सोडल्यावर छातीत धडधडू लागले तर कारण इथे शोधावे. निकोटिनच्या पट्टीने हा फरक भरून निघत नाही, कारण तो धुराचा परिणाम आहे, निकोटिनचा नव्हे. हाच नियम कॅफीनला लागू पडतो: दिवसाला आठ-दहा कटिंग पिणारा माणूस विडी सोडल्यावर तेवढाच चहा पीत राहिला तर बेचैन होतो, त्याची झोप उडते, आणि तो त्याचे खापर विडी सोडण्यावर फोडतो. चहा निम्म्यावर आणायला सांगितले की ही तक्रार बरीच कमी होते.

रुग्णाच्या अडचणी

‘विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही’ आणि ‘मशेरी लावल्याशिवाय कळ येत नाही’ या दोन तक्रारी इतक्या सार्वत्रिक आहेत की रुग्णाने विचारण्याआधीच त्यांचे उत्तर द्यावे. निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे तक्रार खोटी नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी रात्री इसबगोल, सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी आणि ठरलेल्या वेळी शौचाला जाणे एवढ्यावर बहुतेकांचे भागते. हे हसण्यावारी नेले तर रुग्ण तिसऱ्या दिवशी सकाळी संडासच्या रांगेत उभा राहण्यापूर्वी विडी पेटवतोच.

रात्रपाळीचा सुरक्षारक्षक झोप उडवण्यासाठी ओढतो, माथाडी कामगार भूक मारण्यासाठी तंबाखू मळतो, कार्यालयातला तरुण टपरीवरच्या मित्रांसाठी सिगारेट धरतो. प्रत्येकाला ‘विडी ऐवजी काय?’ याचे वेगळे उत्तर लागते, आणि ते उत्तर रुग्णालाच विचारावे. डॉक्टरने सुचवलेली बडीशेप त्याच्या खिशात पोहोचेलच असे नाही. सुपारी हा पर्याय नाही, हे मात्र स्पष्ट बजावावे. तलफ साधारण काही मिनिटांतच ओसरते, तेवढा वेळ जागा सोडून चालत राहावे, हा सल्ला चाळीत राहणाऱ्यालाही पाळता येतो. घरातील दुसरे कोणी खोलीत ओढत असेल तर त्याला पुढच्या भेटीस बरोबर बोलवावे. दहा बाय दहाच्या खोलीत एकाने सोडून दुसऱ्याने चालू ठेवणे टिकत नाही.

तारखेच्या दिवशीच फुफ्फुसांच्या व्यायामाचा तीन चेंडूंचा स्पायरोमीटर द्यावा आणि तो फुंकायचा नसून श्वास आत ओढायचा असतो हे करून दाखवावे. विडीच्या वेळी हातात धरायला काहीतरी मिळते, हाही त्याचा एक फायदाच म्हणायचा. आठवड्यातून एकदा फोन करता आला तर करावा; पहिला फोन सोडल्यानंतर तिसऱ्या दिवसाच्या आसपास असावा, कारण चिडचिड, अस्वस्थता आणि झोपेच्या तक्रारी साधारण दोन-तीन दिवसांनी सर्वाधिक असतात. रुग्णालयात श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजण्याचे यंत्र असल्यास ते जरूर वापरावे; सोमवारी दिसलेला आकडा बुधवारी खाली आलेला पाहून रुग्णाच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो तो भाषणाने येत नाही. मशेरी व खैनी मात्र या यंत्रात पकडल्या जात नाहीत, आणि रक्त किंवा लघवीतील कोटिनिनची (निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याची) तपासणी पट्टी वापरणाऱ्यातही वाढलेलीच येते, याचे भान ठेवावे.

भुलेची तपासणी आणि ऑपरेशनचा दिवस

भूलतज्ज्ञाने फिटनेसच्या वेळी ‘सोडली का?’ असे न विचारता ‘शेवटची विडी कधी ओढली?’ असे विचारावे, म्हणजे खरे सांगणे सोपे जाते. सोडली असल्यास सर्जनच्या नोंदीखाली तसे लिहून रुग्णाचे कौतुक करावे. सोडली नसल्यास निदान आदल्या दिवशी सकाळपासून पूर्ण बंद ठेवायला सांगावे आणि तेवढ्यासाठीही गम किंवा पट्टी द्यावी. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशी पोटी असताना गम तोंडात नसावे, पट्टी चालते.

त्या सकाळी गेटबाहेर जाऊन ‘शेवटची’ ओढून आलेला रुग्ण ओळखणे आवश्यक आहे. बोटाला लावलेले पल्स ऑक्सिमीटर इथे दिशाभूल करते, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच दिसते. पडद्यावर ९८ दिसत असताना प्रत्यक्ष ऑक्सिजन त्याहून बराच कमी असू शकतो. अशा रुग्णाची श्वासनलिका चिडखोर असते, स्वरयंत्र आकसण्याची आणि श्वासनळ्या आवळल्या जाण्याची शक्यता जास्त असते. ऑपरेशन थांबवण्याजोगे नसेल तर भूल देण्यापूर्वी पुरेसा वेळ शंभर टक्के ऑक्सिजन द्यावा, श्वासनळ्या रुंद करणारे औषध तयार ठेवावे आणि शक्य तिथे कमरेखालची भूल निवडावी.

ऑपरेशननंतर वॉर्डात

रुग्णालयातील दिवस तंबाखूच्या दृष्टीने अनुकूल असतात. टपरी दूर असते, मित्र नसतात, दुखण्याकडे लक्ष असते. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चिडचिड करणारा, सलाइन उपटू पाहणारा रुग्ण केवळ तंबाखूच्या तलफेमुळे तसे करतो असे गृहीत धरू नये. आधी ऑक्सिजन, साखर, सोडियम, लघवी तुंबली आहे का ते आणि दारूचा इतिहास पाहावा, कारण दारू अचानक बंद झाल्याने येणारा भ्रम याच सुमारास सुरू होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. हे सर्व वगळल्यावर निकोटिनची पट्टी लावावी किंवा चालू असलेली पट्टी ओटीत काढली गेली होती का ते बघावे; ती पुन्हा लावायची राहून जाते.

ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ काडेपेटी किंवा लायटर सापडल्यास तो ताब्यात घ्यावा आणि आगीचा धोका रुग्णाला व नातेवाइकांना समजावून सांगावा. उशीखाली पुडी आणून देणारा माणूस बहुधा प्रेमापोटी आणतो. त्याला बाजूला घेऊन टाक्यांबद्दल सांगितले तर तो ऐकतो, सर्वांसमोर बोलले तर ऐकत नाही.

अपघातातल्या रुग्णांना आधीचे आठवडे मिळत नाहीत, पण नंतरचे मिळतात. स्वीडनमध्ये हाड मोडून तातडीने ऑपरेशन झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ऑपरेशननंतर सहा आठवडे मदत मिळालेल्या गटात गुंतागुंत २० टक्के होती, तर मदत न मिळालेल्यांत ३८ टक्के. लोकलमधून पडून किंवा दुचाकी घसरून आलेल्या तरुणाला पहिल्याच राऊंडला विचारण्याचे कारण हेच आहे.

डिस्चार्ज कार्डावर प्रतिजैविके आणि वेदनाशामक यांच्या खाली गम किंवा पट्टीची मात्रा व मुदत, हेल्पलाइनचा क्रमांक आणि सोडल्याची तारीख लिहावी. टाके काढायला रुग्ण येतो तेव्हा जखम पाहण्याआधी त्याला तंबाखूबद्दल विचारावे. पुन्हा सुरू झाली असेल तर कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, कशामुळे हे विचारून तोच प्रसंग कसा टाळता येईल ते त्याच्याशी बोलावे, औषधाची मात्रा कमी पडत होती का ते तपासावे आणि सोडण्याची नवी तारीख जुन्या तारखेखाली लिहून द्यावी.